मुंगळ्याच्या मिशा

लहानपणी मी एका मुंगळ्याच्या मिशा तोडल्या होत्या. गोठ्यामागच्या बाभळीवर त्यांची रांग चालायची. समोरासमोर आले की दोघं क्षणभर थांबत, मिशांना मिशा लावत आणि आपल्या वाटेनं जात. मिशा तोडलेला मुंगळा मेला नाही. पाय, डोळे सगळं शाबूत होतं. पण रांगेच्या मधोमध असूनही त्याला रांग सापडेना. तिथंच गरगरत राहिला. आजी शेण काढत होती. म्हणाली, "मारलं असतं त्याले तं बरं होतं. आता घरी कसं जाईन ते?"

आजीचं म्हणणं किती खरं होतं ते पुढं पुस्तकात कळलं. मिशा म्हणजे शृंगिका. किड्याचं नाक आणि बोट एकाच ठिकाणी. बुडाशी एक जाड पेर, मग दुसरं पेर, त्यात कंप ओळखणारं इंद्रिय, आणि पुढं लांब दोरा. दोऱ्यावर बारीक पोकळ केस. वास घेणाऱ्या केसांच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं असतात. वासाचा कण छिद्रातून आत शिरतो, आतल्या द्रवातून मज्जातंतूपाशी पोचतो आणि निरोप मेंदूकडं जातो. रेशीमकिड्याच्या नर पतंगाच्या एकेका शृंगिकेवर मादीच्या वासासाठी असे सुमारे १७ हजार केस असतात. तो वास नेमका कशाचा, हे १९५९ साली जर्मनीत बुटेनांट या शास्त्रज्ञानं शोधलं. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या.

त्याच विद्येतून निघालेले कामगंध सापळे आता माझ्या पऱ्हाटीत टांगलेले असतात. नरसाळं, खाली पिशवी आणि वर रबराची इवलीशी गोळी. गोळीला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास. रात्री नर येतात आणि पिशवीत पडतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग दिसले, की फवारणीची वेळ आली असं समजायचं.

पहिल्या वर्षी आमच्या सालदार काकांनी सापळा निरखून पाहिला. म्हणाले, "भाऊ, हे तं बाईचा आवाज काढून वाटसरूले लुटल्यासारखं झालं. फवारून मारा, पण असं फसवू नोका."

मला हसू आलं, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. फवारणीत मधमाशी मरते, ढालकिडा मरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर फवारता फवारता माणसं दगावली. त्यापुढं सापळा बराच. तरी काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. विष किड्याच्या अंगावर जातं; सापळा त्याच्या भरवशावर जातो.

त्याच्या आदल्या हंगामात मीही फसलो होतो. 'या वाणाला बोंडअळी लागतच नाही,' असं सांगून एकानं मला बियाणं दिलं. दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत अळ्या, सरकी पोखरलेली, कापूस कवडी. गावात लोक मलाच हसले. "तुले समजत नाही का?" म्हणाले.

समजत होतं की. त्या पतंगालाही समजतं. त्याची शृंगिका चुकत नाही. वास हुबेहूब मादीचाच असतो. खोटी असते ती गोळी टांगणाऱ्याची नियत. विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हटलं, की फसवणारा अलगद सुटतो. गावानं त्या बियाणेवाल्याला असंच सोडलं, आणि पतंगाला 'कसा फसला बघा' म्हणताना मीही स्वतःला सोडत होतो.

मी सापळे काढले नाहीत. पीक वाचवायचं आहे, घर चालवायचं आहे, आणि कमी विषात ते होत असेल तर मी सापळाच लावीन. पण त्याला शहाणपणाचा विजय म्हणत नाही. ती फसवणूक आहे, गरजेपोटी केलेली, आणि ती माझ्या नावावर आहे. रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजतो, आकडा वहीत लिहितो. कुणी फसला तर आता हसत मात्र नाही.