जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन आणि आप्पांची खतावणी

गेल्या दिवाळीत एरंडोलच्या घरातला माळा आवरताना आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, खतावणी सापडली. लाल कापडी पुठ्ठा, आत सगळं मोडीत. आप्पांचं किराणा दुकान होतं. उधारी वाढली की लोक काहीतरी वस्तू ठेवून जायचे, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. मला मोडी येत नाही. म्हणून वही घेऊन गल्लीतल्या निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते चष्मा पुसत एकेक पान वाचत गेले आणि सन 1954 च्या एका पानावर थांबले.

नोंद अशी होती : एका बाईचं नाव, चांदीचे तोडे जोड 1, वजन 22 तोळे, नावे रु. 20. आणि समासात दोन शब्द : ‘परत दिले’.

गुरुजी म्हणाले, “नोंद मोडीत आहे, काळ्या शाईत. हे दोन शब्द मात्र बाळबोधात आहेत, आणि निळ्या पेनाने लिहिलेत.”

बाईंचं नाव मला माहीत होतं. ती माझ्या शाळेतल्या मित्राची आजी. आठवीत असताना एकदा भांडणात तो मला म्हणाला होता, “आमच्या आजीचे तोडे तुमच्या घरात आहेत.” मी त्याच्या थोबाडीत मारली होती. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधीच काढला नाही. आता त्याचं गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या फोनची स्क्रीन त्यानेच दोनदा बदलून दिली आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी नोंद नंतर घुसडलेली वाटली की आम्ही लॉग बघतो, कुठल्या वेळी कोणी काय बदललं ते तपासतो. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो हाच : या कागदाचा लॉग कुठे सापडेल?

कॉलेजातला एक मित्र मुंबईत रसायनशास्त्रात संशोधन करतो. त्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “तुला ईपीआर माहितीये का?”

ईपीआर म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स. यालाच ईएसआरही म्हणतात. पवईच्या आयआयटीतल्या उपकरण केंद्रात हे यंत्र आहे. त्यामागची कल्पना फोनवर दहा मिनिटांत समजेल इतकी साधी आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एक अतिसूक्ष्म लोहचुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली, त्यामुळे दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकतं. पण कधी कधी एखादा एकटा राहतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की त्या एकट्याला उभं राहायच्या दोनच तऱ्हा उरतात : क्षेत्राच्या बाजूने किंवा उलट. दोन्हींच्या ऊर्जेत थोडा फरक असतो. नेमक्या तेवढ्याच ऊर्जेची सूक्ष्मलहर दिली की तो उलटा होतो आणि ती लहर थोडी गिळली जाते. यंत्र एवढंच मोजतं. साधारण 0.34 टेस्लाचं क्षेत्र असेल तर लहर सुमारे 9.5 गिगाहर्ट्झची लागते. आपल्या घरातलं वायफाय 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. येवगेनी झावोयस्की या शास्त्रज्ञाने 1944 मध्ये कझानला हे पहिल्यांदा दाखवलं.

आता मजा अशी की हा एकटा इलेक्ट्रॉन बऱ्याचदा एखाद्या घटनेमुळे एकटा पडलेला असतो. किरणोत्सार पदार्थातून गेला की रेणूंचे बंध तुटतात आणि जोड्या फुटतात. पाण्यात किंवा मऊ पेशींत हे एकटे क्षणात कुणाशी तरी जुळून जातात. पण घट्ट, कोरड्या, स्फटिकासारख्या जागी ते अडकून पडतात. दाताचं एनॅमल ही अशी जागा आहे. एनॅमल एकदा तयार झालं की शरीर ते पुन्हा घडवत नाही. त्यामुळे तुमच्या अंगातून किती किरणोत्सार गेला याची बेरीज तुमचा दात आयुष्यभर सांभाळून ठेवतो.

रशियात उरल भागात मायाक नावाचा प्लुटोनियमचा कारखाना होता. 1949 ते 1956 या काळात तिथला किरणोत्सारी कचरा तेचा नदीत सोडला गेला. काठावरची गावं ते पाणी पीत होती, त्यात गुरं धूत होती. कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. हे जगासमोर यायला 1980 च्या दशकाचा शेवट उजाडावा लागला. नंतर शास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांचे काढलेले दात ईपीआरमध्ये ठेवले. हिरोशिमातल्या वाचलेल्यांच्या दातांवरही असंच काम झालं आहे.

मित्र हे सांगत होता तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सरकार गप्प राहिलं, फायली कुलपात राहिल्या, पण दात विसरला नाही. मला वाटलं, पुरावा असावा तर असा. मग आप्पांच्या वहीचंही असंच काहीतरी होऊ शकेल.

पण मित्राने लगेच पाय जमिनीवर आणले. दात खोटं बोलत नाही, पण तो सगळं सांगतही नाही. पुढच्या दातांवर उन्हातल्या अतिनील किरणांनीही तशीच खूण उमटते. दवाखान्यातले एक्स-रेसुद्धा त्याच बेरजेत जमा होतात. तेचाच्या काठी तर स्ट्रॉन्शियम खुद्द दातात जाऊन बसलं होतं, म्हणून दाताला लागलेली मात्रा आणि शरीराला लागलेली मात्रा वेगळी काढावी लागते. दात ‘किती’ ते सांगतो. ‘कोणी’ आणि ‘का’ हे माणसांना शोधावं लागतं.

त्याने दुसरं उदाहरण दिलं ते आपल्या जवळचं. लासलगावला 2002 पासून ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्याला तिथे गॅमा किरण देतात. मसाल्यांसाठी वाशीला वेगळं केंद्र आहे. यात आरोग्याला धोका नाही. पण पाकिटावर तसं लिहिणं आणि ठरलेलं चिन्ह छापणं कायद्याने बंधनकारक आहे. कारण प्रश्न धोक्याचा नाही, सांगण्याचा आहे. विकत घेणाऱ्याला कळायला हवं. आणि कुणी सांगितलं नाही तर? सेल्युलोज असलेले काही पदार्थ, उदाहरणार्थ पिस्त्याचं टरफल, ईपीआरमध्ये ठेवतात. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी शिखरं दिसली तर त्या मालाला किरण दिले होते हे नक्की. यासाठी युरोपात प्रमाण पद्धत ठरलेली आहे. तिच्यात एक अट आहे, जी मी मित्राला दोनदा म्हणायला लावली : ती शिखरं दिसली नाहीत, तर किरण दिले नव्हते असं म्हणता येत नाही.

म्हणजे ‘हो’ला अर्थ आहे. ‘नाही’ला फक्त एवढाच अर्थ आहे की आम्हाला कळलं नाही.

मग मी वहीबद्दल विचारलं. कागद म्हणजेही सेल्युलोजच. आमचं एरंडोल एकेकाळी जाड्याभरड्या हातकागदासाठी नावाजलेलं होतं, जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आप्पांची वही मात्र गिरणीच्या कागदाची. मित्र म्हणाला, कागदाचा बारीक तुकडा कापून क्वार्ट्झच्या नळीत घातला तर त्यातलं लोखंड दिसेल, मँगनीज असेल तर त्याच्या सहा रेघा दिसतील. काळी शाई काजळाची असेल तर काजळातल्या एकट्या इलेक्ट्रॉनांचा संकेत मिळेल. निळ्या शाईत तांब्याचं रंगद्रव्य असेल तर तांबं दिसेल. “म्हणजे दोन शाया वेगळ्या आहेत, एवढं सिद्ध होईल. ते तर गुरुजींनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलंय. निळे शब्द कुठल्या साली लिहिले, ते मी सांगू शकत नाही. आणि ते खरे आहेत का, हे तर कुठलंच यंत्र सांगणार नाही.”

फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर याच गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसलो. मला निराश व्हायला हवं होतं. पण मी सुटलो होतो. विज्ञानालाही कळत नाही म्हटल्यावर मी काय करणार? वही परत माळ्यावर ठेवायची, बस.

ते सुटल्यासारखं वाटणं मला दोन दिवस टोचत राहिलं. मी पुरावा शोधत होतो की पुरावा नसल्याचा दाखला? युरोपातली ती पद्धत पिस्त्याच्या टरफलाबाबत जेवढी प्रामाणिक आहे, तेवढा मी माझ्या आजोबांबाबत नव्हतो. तिथे ‘कळलं नाही’ला कुणी ‘झालं नाही’ म्हणत नाही. मी मात्र तेच करत होतो.

पप्पांशी बोललो. त्यांचं म्हणणं सरळ होतं : “आप्पांनी कुणाचं काही ठेवून घेतलं नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार? आणि ते उत्तर द्यायला इथे नाहीत.” यातलं शेवटचं वाक्य मी बाजूला सारू शकलो नाही. मेलेल्या माणसावर संशय घेणं सोपं असतं, कारण तो भांडत नाही. आप्पांनी दहा-बारा वर्षांनी तोडे परत केले असतील आणि तेव्हा हातात जे पेन होतं त्याने, तोवर सवयीच्या झालेल्या बाळबोधात, तसं लिहिलं असेल. नंतर लिहिलेलं म्हणजे खोटं लिहिलेलं नव्हे. शिवाय कुणीही येऊन ‘तुमच्याकडे आमचं आहे’ म्हटलं की द्यायचं, असं ठरलं तर लबाडांचं फावेल.

हे सगळं मान्य केलं. तरी विचार करता करता लक्षात आलं की मी दोन प्रश्न एकात गुंडाळले होते. आप्पा दोषी होते का, हा एक. मी काय करायला हवं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात संशयाचा फायदा आप्पांना मिळायलाच हवा. कोर्टाचा तो नियम चांगला आहे, कारण कोर्ट शिक्षा देतं. पण इथे कुणी शिक्षा देणार नव्हतं. तो नियम मी घरी आणला तो आप्पांना वाचवायला नाही, स्वतःचा त्रास वाचवायला. त्या खटल्यात आरोपीचा वारस मी, न्यायाधीशही मीच, आणि पुराव्याची एकमेव वही माझ्याच माळ्यावर. दुसऱ्या बाजूकडे काय होतं? एका म्हातारीने सुनेला सांगितलेली गोष्ट.

तेचाच्या काठच्या लोकांचंही हेच झालं होतं. यंत्र नव्हतं म्हणून सत्य कळलं नाही, असं तिथे घडलं नाही. नदीत काय सोडतोय ते सोडणाऱ्यांना माहीत होतं. दातांचा पुरावा लागला, कारण ज्यांच्याकडे नोंदी होत्या ते बोलले नाहीत. नोंद ज्याच्या हातात आहे, त्याने ‘आधी तुम्ही सिद्ध करा’ म्हणणं, यात मला आता काहीतरी मुळातच चुकीचं वाटतं. माझ्याकडे सत्य नव्हतं, पण वही होती. सत्य देता येत नसलं तरी वही दाखवता येत होती. त्यासाठी आप्पांना चोर ठरवायची गरज नव्हती.

पप्पांना सांगूनच गेलो. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही.

मित्र दुकानात होता, घरी काकू एकट्या. मी वही उघडून ते पान दाखवलं. गुरुजींनी वाचलं तसं नोंद वाचून दाखवली, समासातले दोन शब्दही वाचले. म्हणालो, “काकू, हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. पण ते नंतर लिहिलंय. तुम्हाला दाखवायला हवं होतं, म्हणून आलो.”

मला वाटलं होतं, त्या रडतील, चिडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. काकूंनी भाजी निवडायचं ताट बाजूला केलं, पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “यातलं त्यांचं नाव कुठलं?” मी मोडीतली ती अक्षरं दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आते सांगीसन काय व्हई?”

आता सांगून काय होणार. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाईंना जाऊन अठरा वर्षं झालीत. मी थोबाडीत मारली तेव्हा त्या जिवंत होत्या, दोन गल्ल्या पलीकडे.

बावीस तोळे म्हणजे सुमारे 256 ग्रॅम. तेवढ्या चांदीचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत आणि तसं काकूंना सांगितलंय. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. वही मात्र त्यांनी ठेवून घेतली. संध्याकाळी मित्राचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला : ते पान, आणि त्यावर आजीच्या नावाभोवती फोनमध्येच काढलेलं लाल वर्तुळ. खाली लिहिलं होतं, “हेच का?”

मी लिहिलं, “हो.” आठवीतल्या त्या थोबाडीबद्दल अजून काही लिहिलेलं नाही. ते फोनवर लिहिण्यासारखं नाही. पुढच्या सुट्टीत जाईन तेव्हा दुकानात बसून बोलेन.