श्रद्धेचे दप्तर

माणसाने जन्मभर अंतःकरणात बाळगलेली आणि हयातीत चारचौघांपुढे कधीही उघड न केलेली श्रद्धा त्याच्या पश्चात कोणाच्या मालकीची होते? मृताच्या स्थावरजंगमाची वाटणी, त्याचे ऋण, त्याचे श्राद्ध यांविषयी आपल्या स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी विपुल ऊहापोह केला आहे. परंतु ज्याने आपले ईश्वरविषयक चिंतन एकांतात कागदावर उतरवले, ते पेटीत बंद करून ठेवले आणि त्याची काहीही निरवानिरव न करता जो निघून गेला, त्याचे ते चिंतन वाचण्याचा अधिकार वारसाला पोचतो, समाजाला पोचतो की कोणालाच पोचत नाही, हा प्रश्न मिळकतीच्या कायद्याने सुटणारा नाही. तो धर्माचा प्रश्न आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जेथे जेथे व्यक्तींचे खाजगी कागद आणि हस्तलिखिते जतन केलेली असतात, तेथे तो प्रत्येक पुडक्याबरोबर वाचकाच्या पुढ्यात येतो.

केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयातील एका संग्रहाने हा प्रश्न फार तीव्रतेने उभा केला आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स याने स्वतःच्या पैशाने जमवलेले आणि १९४६ मध्ये त्याच्या निधनानंतर मृत्युपत्रान्वये या कॉलेजकडे आलेले ते कागद सर आयझॅक न्यूटनचे आहेत. ग्रहांच्या गतीचे गणित त्यांत शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. किमयेच्या प्राचीन ग्रंथांतून उतरून घेतलेले उतारे, भट्टीत धातू तापवण्याच्या कृती, चर्चच्या पहिल्या शतकांतील वादांवरची टिपणे आणि ईश्वराच्या स्वरूपाविषयीचे लेखन, असा त्यांचा ऐवज आहे. आठव्या क्रमांकाच्या हस्तलिखितात न्यूटनने आपल्या श्रद्धेची बारा कलमे मांडली आहेत. त्यांचा आशय असा : ईश्वर एकच आणि तो पिता, ख्रिस्त हा ईश्वर आणि मानव यांच्यामधला मध्यस्थ, सर्वशक्तिमान ईश्वर म्हणून उपासना करावी ती केवळ पित्याची, आणि ख्रिस्ताला मान द्यावा तो मशीहा व प्रभू या नात्याने. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, या त्रैक्याच्या सिद्धांताला त्या बारा कलमांत कोठेही जागा नाही.

हे लिहिणारा मनुष्य १६६७ पासून ज्या कॉलेजचा फेलो होता, ते कॉलेज त्या त्रैक्याच्याच नावाने स्थापन झालेले ट्रिनिटी कॉलेज होते. तेथील नियमाप्रमाणे ठराविक मुदतीत पाळकपदाची दीक्षा घेणे फेलोला भाग असे, आणि ती घ्यायची तर जे मनाला पटत नाही त्यावर ईश्वराला साक्षी ठेवून मान्यतेची सही करणे भाग असे. न्यूटनने ती सही केली नाही. फेलोशिप सोडावी लागणार असे दिसत असतानाच १६७५ मध्ये राजाज्ञेने त्याच्या गणिताच्या प्राध्यापकपदाला या अटीतून सूट मिळाली आणि तो प्रसंग टळला. पुढे १६९० मध्ये योहानाच्या पहिल्या पत्रातील आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील दोन वचनांत त्रैक्याला आधार मिळावा म्हणून मागाहून फेरफार झाले आहेत, असे साधार दाखवणारा प्रबंध त्याने तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्याकडे पाठवला. तो हॉलंडमध्ये निनावी छापावा असे ठरले, आणि मग दोन वर्षे उलटण्यापूर्वीच न्यूटनने तो मागे घेतला. तो छापला गेला १७५४ मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी.

या माघारीमागची भीती निराधार नव्हती. १६८९ च्या ज्या कायद्याने इंग्लंडात निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथीयांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले, त्याच कायद्याने त्रैक्य नाकारणाऱ्यांना त्यातून वगळले होते. १६९७ मध्ये एडिंबरो येथे टॉमस एकनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. न्यूटनच्या गादीवर प्राध्यापक म्हणून आलेला विल्यम व्हिस्टन याने तशीच मते उघडपणे मांडली आणि १७१० मध्ये विद्यापीठाने त्याला पदच्युत करून बाहेर काढले.

तेव्हा न्यूटनचे मौन हे असत्य होते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण केवळ राजदंडाचे भय हे नाही. त्याच्या कागदांतून असे दिसते, की इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातला बालकांचे दूध आणि प्रौढांचे अन्न हा भेद त्याने फार गंभीरपणे घेतला होता. सर्वांना आवश्यक अशी तत्त्वे थोडी आणि सोपी. गहन गोष्टींचा शोध मात्र परिपक्व माणसांनी आपसात, शांतपणे घ्यावा, त्यावरून मंडळीत दुफळी माजवू नये, असे तो मानी. आपल्या परंपरेतला अधिकारभेदाचा विचार याहून फार दूर नाही. गीतेच्या अखेरीस भगवंतांनी हे रहस्य तपोहीनाला आणि ऐकण्याची इच्छा नसलेल्याला सांगू नये असे बजावले आहे, ते गीतेला काही लपवायचे होते म्हणून खचित नव्हे. मात्र एक ठपका मी न्यूटनवर ठेवीन. ज्या व्हिस्टनने त्याच्याच अभ्यासमार्गाने जाऊन तोच निष्कर्ष काढला, त्याच्यावर गदा आली तेव्हा न्यूटन गप्प राहिला. आणि रॉयल सोसायटीत आपल्याला प्रवेश मिळू नये म्हणून त्याने विरोध केला, असे व्हिस्टनने लिहून ठेवले आहे. स्वतःच्या रक्षणासाठी पाळलेले मौन आणि दुसऱ्याचा बळी जात असता पाळलेले मौन यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही अधिकारभेदाने भरून निघत नाही.

मार्च १७२७ मध्ये न्यूटनने देह ठेवला. शेवटच्या दुखण्यात त्याने चर्चचे प्रभुभोजन घेण्यास नकार दिला, असे त्याचा भाचेजावई जॉन काँड्यूट याने टिपून ठेवले आहे. ज्याला टांकसाळीतल्या सरकारी हुद्द्यासाठी तेच प्रभुभोजन कायद्याने घ्यावे लागले होते, त्याने मृत्यूच्या दारात, जेव्हा कोणताही हुद्दा राखायचा उरला नव्हता तेव्हा, ते नाकारले. त्या नकारात मला त्याच्या बारा कलमांची सही दिसते.

आणि मग कागदांची कथा सुरू होते. दोन हजार पौंडांचा जामीनकतबा लिहून देऊन काँड्यूटने ते ताब्यात घेतले. छापण्याजोगे काय आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर टॉमस पेलेट याला नेमले. त्याने पुडक्यामागून पुडके चाळले आणि अनेक कागदांवर छापण्यास योग्य नाही असा शेरा मारून खाली २५ सप्टेंबर १७२७ ही तारीख घातली व सही केली. तो शेरा आजही त्या कागदांवर वाचता येतो. न्यूटनची भाची कॅथरिन हिला मात्र आपल्या मामाचे धर्मविषयक लेखन वाया जाऊ नये असे मनापासून वाटे. ते जाणत्या धर्मपंडिताकडून तपासून घेऊन छापावे अशी पुरवणी तिने आपल्या मृत्युपत्राला जोडली, पण ती इच्छा सिद्धीस गेली नाही. कागद तिच्या मुलीबरोबर पोर्ट्समथच्या सरदार घराण्यात गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिशप सॅम्युएल हॉर्सली याने न्यूटनचे समग्र लेखन संपादताना ती पेटी पाहिली आणि आतले धर्मविषयक कागद आतच राहू दिले. १८७२ मध्ये त्या घराण्याने सारा संग्रह केंब्रिज विद्यापीठाकडे धाडला, तेव्हा तेथील विद्वानांच्या समितीने कित्येक वर्षे खपून त्याची यादी केली, ती १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे कागद विद्यापीठाने ठेवून घेतले. किमयेचे आणि धर्मविषयक लेखन बहुतांशी सरदाराच्या घरी परत गेले.

या परत पाठवण्यात मला पेलेटच्या शेऱ्याहून मोठा अन्याय दिसतो. पेलेटने छापू नये म्हटले, तरी एका माणसाचे कागद एकत्र राहू दिले. समितीने मात्र त्या माणसाचे दोन भाग केले, आणि त्यांतला एक विद्यापीठाचा, दुसरा घरगुती अडगळीचा ठरवला. ज्या बुद्धीने ज्या मेजावर बसून चंद्राच्या गतीचे गणित मांडले, त्याच बुद्धीने त्याच मेजावर दानिएलच्या भविष्यवाणीचा अर्थ लावला होता. सृष्टी आणि धर्मग्रंथ या एकाच ईश्वराच्या दोन कृती असून दोहोंचे वाचन सारख्याच काटेकोरपणे करावे, अशी त्याची धारणा होती. ती आपल्याला पटो वा न पटो, त्याच्या बाबतीत ती सत्य होती. पुढे १९३६ च्या जुलैमध्ये लंडनच्या सदबी या लिलावगृहात त्या सरदार घराण्याच्या वारसाने हे उरलेले कागद विकावयास काढले. ३२९ लॉटांमध्ये ते फुटले आणि सगळ्यांचे मिळून नऊ हजार पौंडांच्या आसपास आले. केन्सला हे फार लागले. त्याने काही कागद लिलावात, काही मागाहून व्यापाऱ्यांकडून विकत घेऊन मुख्यत्वे किमयेचा भाग परत जुळवला. धर्मविषयक कागदांचा मोठा वाटा अब्राहम याहुदा या ज्यू पंडिताने मिळवला आणि तो अखेर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. एका माणसाचे मन जाणून घ्यायचे तर आज केंब्रिज आणि जेरुसलेम दोन्हीकडे जावे लागते.

आता मूळ प्रश्न. न्यूटनला हे कागद कोणी वाचावेत असे वाटत होते काय? याचे उत्तर त्याने शब्दांत दिलेले नाही, पण एका कृतीत दिले आहे असे मी समजतो. उतारवयात टांकसाळीच्या कामातील जबान्यांची, म्हणजे खोटी नाणी पाडणाऱ्यांविरुद्ध खबऱ्यांनी दिलेल्या माहितीची, पेट्याच्या पेट्या त्याने जाळून टाकल्या, आणि त्या जाळण्यास आपण मदत केली असे काँड्यूटने सांगितले आहे. म्हणजे कागद कसा नष्ट करावा हे त्याला ठाऊक होते, त्यासाठी उसंतही होती. ज्या कागदांनी दुसऱ्यांच्या जिवाला धोका होता ते त्याने जाळले. ज्यांनी त्याच्या स्वतःच्या कीर्तीला धोका होता ते राहू दिले. ही छापण्याची परवानगी आहे असे मी म्हणणार नाही. पण हयातीत ज्याला बोलता आले नाही त्याने निदान पुढच्या काळाशी खोटे न बोलण्याचा निश्चय केला, एवढे त्यावरून म्हणता येते, आणि वाचकाला तेवढा आधार मला पुरेसा वाटतो.

किंग्ज कॉलेजच्याच ग्रंथालयात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचेही कागद आहेत. १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि तेथल्या गोकुळाष्टमीचे वर्णन त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत केले आहे. ती पत्रे त्याने १९५३ मध्ये स्वतः संपादून छापली. पण १९१४ पर्यंत लिहून झालेली आपली एक कादंबरी जन्मभर हातची राखली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये निघाली. काय आता आणि काय मागाहून, ही निवड त्याने जाणीवपूर्वक केली. न्यूटनने निवड काळावर सोडली. दोन्ही मार्ग सचोटीचे आहेत.

अधिकार मान्य केला तरी वाचकाचे कर्तव्य उरतेच. चित्रगुप्ताच्या दप्तरात घडलेले कर्म तेवढे नोंदले जाते. माणसाच्या खाजगी दप्तरात खोडलेले वाक्यही शिल्लक असते. न्यूटन एकच परिच्छेद पुन्हापुन्हा लिही, मधली ओळ काटी, समासात दुसरी घाली, आणि पुढच्या मसुद्यात कधी पहिलीच परत आणी. यांपैकी कोणती त्याची श्रद्धा? खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून हा नास्तिक होता किंवा हा पाखंडी होता असा निकाल देणे म्हणजे शोधात असलेल्या माणसाला मुक्कामावर पोचल्याचे प्रमाणपत्र बळजबरीने देणे होय. तुकोबांनी देवाशी केलेले भांडण कीर्तनात, चारचौघांत म्हटले गेले. ऐकणाऱ्याला ते कोणत्या भावाने म्हटले आहे हे कळत होते. न्यूटनच्या एकांताला तसा श्रोता नव्हता, म्हणून त्याचा वाचक दुप्पट सावध हवा. त्या कागदांत पाहायची ती साधना. निवाडा देण्याची नेमणूक आपल्याला कोणी दिलेली नाही.

आपल्याकडेही जुन्या घरांतून असे कागद अजून आहेत. आजोबांच्या पत्रांचे आणि हिशेबाचे पुडके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देताना जपाच्या वह्या, स्वप्नांची टिपणे, कुंडल्या, देवाला लिहिलेली पत्रे ही निरुपयोगी किंवा लाजिरवाणी समजून आधीच बाजूला काढण्याचा, नदीत सोडण्याचा, बंबात घालण्याचा मोह होतो. एखाद्या कागदाने जिवंत माणसाला दुखापत होईल असे वाटत असेल तर अमुक वर्षे तो कोणाला दाखवू नये अशी अट घालता येते, आणि चांगली ग्रंथालये ती पाळतात. ज्यांच्या हाती असे दप्तर आले आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की हवी तर मुदत घाला, पण निवड करू नका. शेरा न मारता सारे कागद एकत्र, जसे आले तसे, सुपूर्त करा.