टिटवीची लबाडी

शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी राहतात. त्यांना अंथरुणावरून उठवत नाही, म्हणून महिन्यातून एकदा सकाळी ख्रिस्तशरीर घेऊन मी त्यांच्याकडे जातो. परतताना ओंकारेश्वराच्या मागे नदीकाठी घटकाभर थांबण्याची सवय मला जडली आहे. मुठेच्या पात्रात आता मेट्रोचे खांब उभे आहेत. तरी उन्हाळ्यात पाणी ओसरले, की गोट्यांचे आणि खुरट्या गवताचे पट्टे उघडे पडतात.

गेल्या एप्रिलमध्ये एक भटके कुत्रे तेथे जमीन हुंगत चालले होते. तेवढ्यात गोट्यांतून एक टिटवी उठली. ती ओरडली नाही. मान खाली घालून दहापंधरा पावले पळाली आणि मोकळ्या जागी अशी बसली, की जणू तिच्या पोटाखाली अंडीच आहेत. कुत्रे तिकडे वळले. ते अगदी जवळ येईपर्यंत ती हलली नाही. मग एकच गिल्ला करीत उडाली. तिचा जोडीदार वरून कुत्र्याच्या डोक्यावर झेपा घेऊ लागला. कुत्रे कंटाळून निघून गेले. ती जिथून उठली होती ती जागा मी दुरूनच निरखली, तेव्हा कुठे बऱ्याच वेळाने चार अंडी दिसली.

टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा आणि भोवती चार खडे. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची; मातीत मिसळून जाणारी. जवळजवळ महिनाभर नर-मादी ती उबवतात. ऊन फार झाले, तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात व अंड्यांना गारवा देतात. पिले बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि आईबापांचा इशारा होताच दगडासारखी निश्चल पडून राहतात. टिटवीच्याच कुळातला, नदीच्या वाळूत अंडी घालणारा छोटा चिखल्या तर पंख मोडल्याचे सोंग घेतो. लंगडत, फरफटत शत्रूला आपल्यामागे दूर नेतो. टिटवीच्या ओरडण्याला आपल्याकडे अशुभ मानतात. बिचारी पहारा करीत असते!

पण हे फसवणेच नव्हे काय? सेमिनरीत आम्हाला शिकवलेले उत्तर सोपे होते : असत्याला बुद्धी आणि इच्छा लागते, पाखराला ती नाही, म्हणून त्याला पापही नाही. उत्तर बरोबर आहे. मला ते पुरले नाही, याचे कारण वेगळे आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री, मार खाऊन आलेली एक बाई आपल्या दोन मुलांसह माझ्या दारी आली. मी तिला मागच्या खोलीत ठेवले. तासाभराने तिचा नवरा आला. प्यालेला, हातात काठी. “फादर, ती इथं आलीय का?”

“नाही. संध्याकाळपासून इकडे कोणीही आलेले नाही,” मी म्हणालो. तो गेला.

पहाटे भावाच्या गावी निघताना ती म्हणाली, “फादर, तुम्ही माझ्यापायी खोटं बोललात. ह्याचं पाप कुणाला?” मी हसून विषय टाळला.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५च्या सुमारास असत्यावर एक प्रबंध लिहिला. कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे मत. त्यात ते थगास्ते नगरीचे बिशप फिर्मुस यांची हकिकत सांगतात. आश्रयाला आलेल्या माणसाच्या शोधात बादशहाचे शिपाई आले, तेव्हा बिशप म्हणाले, की मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही. त्यांनी छळ सोसला. अखेर बादशहाने त्या माणसाला माफी दिली.

ख्रिस्तसभेच्या १९९२च्या धर्मशिक्षण-ग्रंथात, सत्य जाणण्याचा हक्क असलेल्याला चुकीच्या समजुतीत पाडणे म्हणजे खोटे बोलणे, अशी व्याख्या होती. त्या व्याख्येने मी सुटलो असतो! १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काविषयीचे ते शब्द गाळले गेले. हक्क नसलेल्याला सत्य सांगण्यास कोणी बांधील नाही, हे वचन मात्र कायम राहिले. म्हणजे मी गप्प राहू शकत होतो. ‘नाही’ म्हणू शकत होतो की नाही, हा प्रश्न उरतोच.

ती बाई आणि मुले वाचली, याची खंत मला नाही. खुपते ते दुसरेच. टिटवी खोटे बोलली असे म्हणा हवे तर, पण ते तिने कुत्र्याच्या जबड्यापासून हातभर अंतरावर बसून बोलले. फिर्मुस खरे बोलले आणि त्याची किंमत त्यांच्या देहाने दिली. माझ्या ‘नाही’ची किंमत मी काय दिली? दाराला कडी लावली आणि झोपलो. दारात उभा राहून ‘सांगणार नाही’ म्हणालो असतो, तर ती काठी आधी माझ्यावर पडली असती. पण मग मागच्या खोलीतल्या मुलांचे काय झाले असते? फिर्मुस यांच्या पाठीशी दोन थरथरती लेकरे होती, असे ऑगस्टीन सांगत नाहीत. येथे माझी मती कुंठित होते.

मे महिन्यात पुन्हा नदीकाठी गेलो, तेव्हा खळगा रिकामा होता. वाईट वाटले. नीट पाहावे म्हणून दोन पावले पुढे टाकली, तोच डोक्यावर टिटवी ओरडू लागली. पिले जवळच कोठेतरी दडलेली असावीत. मी पाऊल मागे घेतले.