ज्या ओळीत चूक, त्या ओळीपर्यंत

शास्त्रभाग : योहान 21:15–17



भिवंडी हे मागांचे गाव. 1857 च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर येथे वसले. पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, आणि अलीकडे त्यांतील कित्येक बंद पडले असले तरी त्यांचा खडखडाट अद्याप गल्लोगल्ली ऐकू येतो. अशा गावाजवळ राहणाऱ्या उपदेशकाने ताणा, बाणा व धोटा यांचाच दाखला द्यावा, असे आपणांस वाटेल. परंतु मला धडा मिळाला तो मागापासून नव्हे, तर माझ्याच घरी दोन सुयांवर विणल्या जाणाऱ्या एका लोकरी कार्डिगनपासून.

भिवंडीच्या उकाड्यात लोकरीचे काय काम, असे कोणी विचारील. माझ्या सासूबाई कसारा घाटापलीकडे इगतपुरीस असतात, आणि तेथील पौषातली थंडी म्हाताऱ्या हाडांस सोसत नाही. त्यांच्यासाठी हे वस्त्र. त्याच्या पुढील दोन्ही भागांवर वेणीची वीण घालावयाची होती. ज्या भगिनींना ती ठाऊक नाही त्यांच्याकरिता सांगतो. सहा टाक्यांपैकी पहिले तीन एका तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे धरावयाचे, नंतरचे तीन विणावयाचे, आणि मग धरून ठेवलेले तीन विणावयाचे. असे केले म्हणजे पीळ डावीकडे झुकतो. तेच टाके मागे धरले, तर उजवीकडे झुकतो. दर आठव्या ओळीस असा एक पीळ. एके रात्री बोलण्याच्या नादात माझ्या पत्नीने टाके पुढे धरावयाचे ते मागे धरले, आणि ही चूक तिच्या ध्यानात आली ती 24 ओळी वर गेल्यावर.

मधल्या काळात घातलेले पीळ बिनचूक होते. मी म्हणालो, "अगं, राहू दे. आईंना काय दिसणार आहे?" ती म्हणाली, "वरचे नीट विणले म्हणून खालचे नीट होत नाही." तिने सारा भाग उसवला नाही. ते सहा टाके तेवढे सुईवरून सोडले, चुकलेल्या ओळीपर्यंत खाली उतरवले, तेथील पीळ फिरवला, आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा उचलीत 24 ओळी पुन्हा वर आणल्या. दोन रात्री गेल्या. मी शेजारी बसून पाहत होतो आणि माझे मन मला खात होते. त्याचे कारण आपणांपुढे सांगणे मला प्राप्त आहे.

त्यापूर्वी काही आठवडे, हंगामाच्या दानाचा हिशेब करिताना मला 1,150 रुपये कमी दिसले. थैली एका वडीलधाऱ्या बंधूंच्या स्वाधीन होती. मी त्यांस एकांती विचारले नाही. रविवारी उपासनेत, जाहिराती सांगताना मी म्हणालो, "थैली ज्यांच्या हाती होती, त्यांनी देवापुढे जाब द्यावा." नाव घेतले नाही, पण सर्व माना त्यांच्याकडे वळल्या. वडिलांवरील आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून ऐकूनही घेऊ नये, असे पौल तीमथ्यास लिहितो. येथे साक्षीदार एकही नव्हता, आणि आरोप करणारा मीच. महिनाअखेर वही पुन्हा तपासली, तेव्हा तांदूळ विकून आलेली रक्कम मीच दोनदा मांडल्याचे आढळले.

मग मी काय केले? अंधार पडल्यावर त्यांच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, "असो" म्हणाले. परंतु पुढील रविवारी ते आले नाहीत, त्यापुढील रविवारीही नाहीत. आणि मी, माझा निर्लज्जपणा पाहा, त्यांचेच अंतःकरण कठीण झाले आहे असे समजून त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागलो!

आता पेत्राकडे पाहू. प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या शेकोटीजवळ, लोकांदेखत त्याने प्रभूस तीनदा नाकारले. पुढे तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने शिष्यांस न्याहारीस बोलावले, तेव्हाही तेथे कोळशाचा विस्तवच होता. मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही ठिकाणी जो शब्द आहे, तो सबंध नव्या करारात या दोनच जागी येतो. आणि प्रश्न किती वेळा? तीन वेळा, इतर शिष्य जवळ असता. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला. प्रभूला त्याचा अपराध बोलण्यावारी नेता आला असता. त्याने तसे केले नाही. त्यास त्याच विस्तवाशी, त्याच संख्येपर्यंत मागे नेले, आणि दर वेळी कळप त्याच्या हाती दिला. पेत्राचे सारे आयुष्य त्याने उसवले नाही. जेवढे टाके चुकले होते तेवढेच सोडले.

उपदेशकबंधूंनो, आपण याच्या उलट वागतो. मंडळीत बोललेला अपशब्द ओसरीवर मागे घेतो, आणि ओसरीवरची कुरबुर मात्र मंडळीत आणतो. या वस्त्राचे नाव ज्या इंग्रज सरदाराच्या नावावरून पडले, तो लॉर्ड कार्डिगन 1854 साली क्रिमियाच्या युद्धात होता. बालाक्लाव्हा येथे एका हुकुमाचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि सुमारे 670 घोडेस्वार त्याच्यामागून थेट तोफांच्या तोंडी गेले. शंभरावर मारले गेले. नंतर वरिष्ठ अधिकारी चूक एकमेकांवर ढकलीत राहिले. थोरामोठ्यांचीही रीत हीच.

त्या दोन रात्रींनंतरच्या रविवारी मी जाहिरातींच्या वेळीच उभा राहिलो. आदल्या दिवशी त्या बंधूंस निरोप पाठविला होता. ते आले होते. मी वही उघडून ती दोन्ही पाने वाचून दाखविली, त्या दिवशीचे माझे शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारले, आणि ते खोटे होते असे सांगितले. घसा दाटला, मध्येच थांबावे लागले. मुलांपैकी कोणीतरी हसले. तुमची भेट वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करा, असे प्रभू सांगतो, म्हणून त्या दिवशी दान गोळा केले नाही. याबद्दल पुढे पंचांकडून मला बोल लागला तोही योग्यच असावा.

कार्डिगन मकरसंक्रांतीपूर्वी इगतपुरीस पोहोचले. उचललेल्या टाक्यांच्या ठिकाणी वीण किंचित सैल आहे. धुतल्यावर बसेल, असे पत्नी म्हणते. ते बंधू आता दर रविवारी येतात. पूर्वी पहिल्या सतरंजीवर बसत, हल्ली दाराजवळ बसतात. पुढे या, असा आग्रह मी करीत नाही. थैली पुन्हा घ्याल काय, एवढे एकदा विचारले आहे; पंधरा दिवसांनी सांगतो, असे म्हणाले आहेत.