आवाज कुठपर्यंत माझा?

ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "किती वॉटचा आहे?" मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की हा स्पीकर कोण कोण ऐकणार आहे. हेडफोनमध्ये गाणं माझं आणि कानही माझे. स्पीकर लावला की गाणं हवेत जातं आणि हवा सगळ्यांची असते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. लोकलमध्ये कुणी मोठ्याने रील्स बघत असेल तर आपण चिडतो. गाणं आपल्या आवडीचं असलं तरी चिडतो, कारण आपल्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग हेडफोनच बरे का? एकाच खोलीत चौघं चार फोनवर चार सिनेमे बघतात तेव्हा कुणाचा कुणाला त्रास नसतो, पण कुणाचा कुणाला पत्ताही नसतो. सोनीने 1979 मध्ये पहिला वॉकमन आणला, तेव्हा त्याला दोन हेडफोन लावायची सोय होती. ऐकणं एकट्याचं करणाऱ्या त्या यंत्रालाही सुरुवातीला सोबत सोडवली नव्हती. एखाद्या प्रसंगावर एकत्र हसायचं तर आवाज खोलीत यावाच लागतो.

आम्ही तिघं एका वन-बीएचकेत राहतो. एकाची नाइट शिफ्ट असते, त्यामुळे आमची दुपार ही त्याची मध्यरात्र. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण नियमाची रात्र दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते, त्याची तेव्हा कुठे सुरू होते. नियम पाळूनही मी त्याची झोप मोडू शकतो. इथे मला आकडा उपयोगी पडत नाही, तो भिंतीपलीकडे झोपलाय एवढं लक्षात ठेवणंच उपयोगी पडतं.

म्हणून छोट्या स्पीकरची मर्यादा मला उणीव वाटत नाही. त्याचा ड्रायव्हर लहान असतो, फार हवा ढकलू शकत नाही, त्यामुळे खोल बेस त्याला जमत नाही. पॅसिव्ह रेडिएटर लावून त्यात थोडी भर घालतात, इतकंच. भिंत ओलांडून जाते ती मुख्यतः बेसची धपधपच. आणि 10 ऐवजी 20 वॉट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. एका खोलीसाठी या शर्यतीत उतरायची गरजच नाही.

दुकानदार आवाज पूर्ण वाढवून दाखवेल. तुम्ही कमी करून ऐका. हळू आवाजात आपल्या कानांना बेस आणि अगदी बारीक स्वर कमी ऐकू येतात. तरीही गाणं भरलेलं वाटलं आणि सिनेमातले संवाद कळले, तर स्पीकर चांगला. ओठ आणि शब्द जुळतात का तेही बघा. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, तेव्हा वायर लावायची सोय असलेली बरी.

आणि घरी आणल्यावर पहिलं गाणं निवडायला फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.