चावणारी चप्पल

गुरुजी राहतात कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. तिथून चप्पल लाइन पायी दहा मिनिटांवर. तरी यंदा त्यांच्या चपला आल्या भिवंडीहून, म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी चप्पल लाइनीतल्या मामांच्या दुकानातून घेतलेला जोड ते दुसऱ्याच दिवशी परत द्यायला गेले, तेव्हा मामांनी गल्ल्यामागच्या पाटीकडे नुसतं बोट दाखवलं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्या जोडासाठी आदल्या दिवशी गुरुजींनी पन्नास रुपयांवरून अर्धा तास घासाघीस केली होती, हेही सांगायला हवं.

म्हणून यंदा पुण्याच्या मुलाने मोबाइल उघडला. "बाबा, अस्सल आहे. नाही आवडली तर घरी येऊन परत नेतात." अस्सलपणाची त्याने खात्री केली होती. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. किंमत नऊशे रुपये. मोबाइलशी घासाघीस करता येत नाही, म्हणून गुरुजींनी ती केली नाही.

पहिला जोड अंगठ्याला चावला. परत. दुसराही चावला. तोही परत. न्यायला आलेल्या पोराला गुरुजी पाणी देत, वर 'काय सोय आहे!' म्हणत. सोय खरीच होती. गुडघे धरलेल्या माणसाला तरी तिला नावं ठेवता येणार नाहीत.

तिसऱ्या वेळी त्यांनी जुन्या सवयीने बिल वाचलं, वही तपासावी तसं. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता ग्राहकाला कळला पाहिजे, असा २०२० चा नियम आहे. पत्ता होता चप्पल लाइन, कोल्हापूर. नाव मामांचं.

गुरुजी खोकं काखेत मारून दुकानात गेले. गल्ल्याशेजारी दोन जोड पडले होते. पट्टे वाकलेले, तळ मळलेले. अंगठ्याची खूण गुरुजींनी ओळखली.

"तुमचंच व्हय हे, गुरुजी?" मामा म्हणाले. "भिवंडीच्या गोदामात तीस जोड ठेवल्यात. नऊशेला विकला की कमिशन, गोदामभाडं, पोचवायचा खर्च कापून सहाशेच्या आत हातात येत्यात. परत आला की सगळा खर्च माझ्या बोकांडी. पायात घातलेला जोड नवा म्हणून कुनाला विकू?"

"मग विकता कशाला तिथं?"

"लॉकडाउनात लाइन बंद हुती, तवा पहिली ऑर्डर गुवाहाटीची आली. गुवाहाटीचं गिऱ्हाईक चालत येनार हाय व्हय हितं? म्या त्या कंपनीला शिव्या घालनार न्हाई. पर दहा मिनिटांवरचं गिऱ्हाईक बी भिवंडीवरनं मागवतंय, ते सलतंय."

"पण चावते हो!"

"चावनारच की! बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, वादीनं शिवलेलं, खिळा न्हाई. आठ दिवस तेल लावून घरात वापरा, पायाचा आकार घेती. हे त्या खोक्यात कोन सांगनार?"

"खोक्याचं सोडा. चार वर्षांपूर्वी तुम्ही तरी कुठं सांगितलंत? पाटी दाखवलीत."

मामा काही बोलले नाहीत. हातातली आरी उगाचच पुसत राहिले.

गुरुजींनी तिथूनच मुलाला फोन लावला. "परतीचं आजच टाकलंयस ना? रद्द कर. आणि तुझा पाय माझ्याच मापाचा आहे, एक जोड तुलाही घेतोय." वापरलेल्या दोनांतला एक उचलून त्यांनी नऊशे रुपये गल्ल्यावर ठेवले. मामांनी दोनशे परत केले. "हे कमिशनचं," म्हणाले.

दुसरा जोड अजून दुकानात पडून आहे. पाटीही आहे. फक्त तिच्याखाली खडूने एक ओळ वाढली आहे : 'आठ दिवस तेल लावून बघा, मग भांडायला या.' अक्षर गुरुजींचं आहे.