‘जसे आहे तसे’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्याकडे आला आणि पिशवीतून एक हेल्मेट काढून त्याने आमच्या टेबलावर ठेवले. हेल्मेट लाल रंगाचे, चकचकीत, नवे वाटावे असे. मातीच्या मार्गावरील मोटारसायकल शर्यतींत हा तरुण चार वर्षे भाग घेत आला होता. आता धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी गाडी, सुटे भाग आणि अंगावरचा सारा सरंजाम विकायला तो निघाला होता. गिऱ्हाईकही ठरले होते. शेजारच्या जिल्ह्यातील, शर्यतीत नुकताच उतरू पाहणारा एक मुलगा. अडचण एवढीच होती की, हे हेल्मेट घालून आमचा तरुण एकदा जोराने आपटला होता. डोके वाचले. पुढे हेल्मेटवरचे ओरखडे त्याने रंगाखाली झाकले. “फादर, त्याने काही विचारलेले नाही. मी आपण होऊन सांगितलेच पाहिजे का?” असा त्याचा प्रश्न होता.

हे पापनिवेदन नव्हते. त्याच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

हेल्मेटची रचना ज्यांना ठाऊक नाही, त्यांना ही शंका क्षुल्लक वाटेल. बाहेरचे कवच कठीण असते खरे. परंतु डोके वाचवण्याचे मोठे काम आतले थर्माकोलसारखे जाड अस्तर करते. आघात होताच ते दबते, आघाताचा जोर स्वतःमध्ये जिरवते आणि मग पूर्ववत होत नाही. त्याच जागी दुसरा आघात झाला, तर तो जिरवायला तेथे काही उरलेले नसते. बाहेरून मात्र यातले काहीच दिसत नाही. शर्यतीच्या इतर साहित्याचीही हीच गत आहे. मोटारीत चालकाला आसनाशी जखडून ठेवणारे पट्टे काळाने आणि उन्हाने दुबळे होतात. म्हणून त्यांवर मुदतीची चिठ्ठी शिवलेली असते, आणि ती चिठ्ठी उसवताही येते. चासीला तडा गेला तर वेल्डिंग करून, पुट्टी भरून, वर रंग देता येतो. इंजिन किती तास पिळून काढले, हे पुसलेल्या इंजिनकडे पाहून कोणाला कळणार?

जुना माल विकणे हे मुळीच पाप नव्हे. शर्यत हा खर्चिक खेळ आहे; श्रीमंताच्या घरी न जन्मलेली मुले जुन्या साहित्यावरच त्यात पाऊल ठेवू शकतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील किंवा कोइम्बतूरजवळच्या कारी स्पीडवे येथील डांबरी मार्ग असो, की पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील मातीचे मैदान असो, जुन्याची देवघेव बहुधा ओळखीपाळखीने चालते. पावती नसते, हमी नसते. ‘जसे आहे तसे’ या तीन शब्दांवर सौदा पुरा होतो. हे तीन शब्द सत्य सांगतात की सत्य झाकतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. रोमन तत्त्वज्ञ सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एका धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ पडला आहे. व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबत भरून तेथे पोचतो. आणखी गलबते धान्य घेऊन मागून येत आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष उघड करावेत. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व माणसे एका समाजाची घटक आहेत. ग्राहकाला जे कळायला हवे ते विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’मध्ये हाच विषय हाती घेतला आणि एक मोलाचा भेद केला. गलबते उद्या येणार हे न सांगता आजच्या भावाने विकणारा व्यापारी न्यायाचा भंग करीत नाही. सांगितले तर त्याचा सद्‌गुण अधिक मोठा. परंतु खुद्द विकाऊ वस्तूतच दोष असेल, तर गोष्ट वेगळी. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे ग्राहकाला दिसते. किंमत त्या मानाने कमी केली की विक्रेता मोकळा. दोष गुप्त असेल आणि त्यापासून हानी किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते. पडाऊ घर भक्कम म्हणून विकणारा, नासके अन्न चांगले म्हणून विकणारा, हे दोघेही नुकसानभरपाईला बांधलेले आहेत. आमच्या टेबलावरचे ते लाल हेल्मेट या पडाऊ घरांच्या रांगेतले होते.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिलेली आहेत. योगायोगाने त्यांतही घोडाच आहे. एक मनुष्य सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पुढचे उदाहरण वाचताना मात्र आम्ही थबकलो. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. परंतु विकत घेणारी त्या मनुष्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे, कायदा म्हणतो, त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते.

परक्यासमोर गप्प बसता येते, लेकीसमोर बसता येत नाही. कायद्याने एवढे जाणले, हे थोडके नव्हे. परंतु ख्रिस्ती माणसाचा प्रश्न नेमका येथून पुढे सुरू होतो: परका म्हणजे कोण? प्रभू येशूला एका शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण’ असे विचारले, तेव्हा त्याने वाटेवर अर्धमेला पडलेल्या अनोळखी माणसाची कथा सांगितली. त्या कथेनंतर ‘तो माझा कोणी लागत नाही’ ही पळवाट आपल्यासाठी बंद झाली आहे. लिलावातल्या गिऱ्हाइकाला लेकीच्या जागी उभे करणे, हेच शुभवर्तमानाचे मागणे आहे.

हे आम्ही वरच्या पायरीवरून सांगत नाही. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही तेथील जुनी स्कूटर विकली. तिच्या पुढच्या फोर्कला तडा गेलेला असून वरवर डाग दिलेला आहे, हे मेकॅनिकने आम्हाला सांगितले होते. घेणारा अनोळखी होता. त्याने विचारले नाही आणि आम्ही ‘जशी आहे तशी’ म्हणून मोकळे झालो. पैसे चर्चच्या छपराला लागले, म्हणून मनही शांत राहिले. वर्षभराने कोणा दुचाकीस्वाराच्या प्रेतविधीत ती स्कूटर अचानक आठवली. शोध घेतला, त्या गृहस्थाने ती केव्हाच पुढे विकली होती. जक्कयसाला चौपट परत करता आले, कारण ज्यांना लुबाडले ती माणसे त्याला ठाऊक होती. आम्ही तेवढी रक्कम गरिबांना दिली. धनको सापडत नसेल तर तसे करावे, असे नीतिशास्त्र सांगते. परंतु ती स्कूटर कोणाचा मुलगा चालवतो आहे, हे आम्हाला आजही माहीत नाही.

कोणी म्हणेल, शर्यतीत उतरणारा धोका पत्करूनच उतरतो. खरे आहे, पण वेगाचा, वळणाचा, चिखलाचा धोका तो पत्करतो, कारण तो त्याला दिसतो. जो धोका त्याच्यापासून लपवला, तो त्याने पत्करलेला नसतो. ‘मलाही कोणी सांगितले नव्हते’ असेही म्हणतात. फसलेल्याला पुढच्याला फसवण्याचा अधिकार मिळत नाही. जुन्या करारात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला आधी ठाऊक असूनही त्याने तो मोकळा सोडला आणि माणूस दगावला, तर दोष धन्याच्या माथी येतो. ठाऊक असणे, हेच तेथे जबाबदारीचे मूळ आहे.

या सौद्याला दुसरी बाजूही आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात एक ग्राहक येतो. घेईपर्यंत तो मालाला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. १९९६ साली उत्पादन थांबलेल्या यामाहा आर. एक्स. १०० या मोटारसायकलीला आज शौकिनांत मोठी मागणी आहे. एखाद्या विधवेच्या पडवीत नवऱ्याची ती गाडी धूळ खात पडलेली असते. तिचे मोल जाणणारा मनुष्य तोंड वाकडे करून भंगाराच्या भावात ती उचलून नेतो आणि त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो. संत थॉमस म्हणतात, विकणारा अजाणता सोने तांब्याच्या भावात देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर घेणाराही परतफेडीला बांधलेला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही, दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे हे सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीतच, गणले आहे.

त्या सायंकाळी आम्ही तरुणाला आज्ञा केली नाही. फक्त विचारले, “घेणारा तुझा धाकटा भाऊ असता, तर?” तो काही न बोलता हेल्मेट घेऊन गेला.

दहा दिवसांनी तो परत आला. त्याने सारे सांगितले होते: किती वेळा पडला, कोणता भाग बदलला, चासीला कुठे वेल्डिंग आहे, इंजिन कितीदा उघडले. त्या मुलाचे वडील स्वतः मेकॅनिकला घेऊन आले, गाडी पाहिली आणि बरेच पैसे तोडून घेऊन गेले. हेल्मेट मात्र त्याने विकलेच नाही. “सांगून विकले असते, फादर, पण तो पुढे तिसऱ्याला न सांगता देईल,” असे तो म्हणाला. स्वयंपाकघरातला कोयता मागून घेऊन त्याने हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा आमच्यासमोर कापला. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढू नये, म्हणून असे करतात. पट्टा चिवट होता. दोनतीन घाव घालावे लागले.

सत्य बोलल्याने त्याचा तोटा झाला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. झाला. बहिणीच्या फीची काही रक्कम अजून भरायची आहे. दर रविवारी प्रामाणिकपणावर प्रवचन देणारे आम्ही, आणि ते ऐकणारे आपण सारे, त्या प्रामाणिकपणाची किंमत एकट्या त्या घराने मोजावी असे म्हणणार आहोत काय? धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत.